केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिल्यांदा सत्र घेताना

केंद्रप्रमुखांचा फोन येतो, "सर, पुढच्या परिषदेत वजाबाकीचं सत्र तुमच्याकडे." होकार देऊन फोन ठेवला की मग जाणवतं, तिसरीचा वर्ग सांभाळणं वेगळं आणि तीस-पस्तीस शिक्षकांपुढे उभं राहणं वेगळं. समोर वीस वर्षं नोकरी झालेले गुरुजी असतात, मागच्याच भरतीत लागलेल्या मॅडम असतात, आणि पोषण आहाराची माहिती भरायची राहिली म्हणून सारखे फोनमध्ये डोकावणारेही असतात. या सगळ्यांना दीड तास धरून ठेवायचं, आणि परत वर्गात गेल्यावर त्यांच्या हातून काहीतरी वेगळं घडेल असं काही द्यायचं. अशा पहिल्या सत्राच्या तयारीसाठी हा लेख आहे. उदाहरणं नाशिक जिल्ह्यातली आहेत. सुरगाणा-पेठच्या दोनशिक्षकी शाळाही त्यात आहेत आणि निफाड-येवल्याच्या मोठ्या गावांतल्या शाळाही.

आधी थोडं यंत्रणेविषयी. शिक्षण परिषद म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची दर महिन्याची बैठक. या शाळांच्या गटाला केंद्र म्हणतात, आणि परिषद भरते त्या केंद्रावर. तिच्यावर तालुक्याचं गटसाधन केंद्र, त्याच्यावर जिल्ह्याची डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आणि सगळ्यात वर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. निपुण भारत अभियानानं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. वरून विषय आला असेल तर बहुतेक वेळा तो या चौकटीतलाच असतो आणि तो घ्यावाच लागतो. पण विषयाच्या आत काय घ्यायचं ते तुमच्या हातात राहतं, आणि सत्र उभं राहणार की पडणार ते तिथंच ठरतं.

विषय मोठा असू द्या, चूक एकच निवडा

"संख्याज्ञान व संख्येवरील क्रिया" हा विषय दीड तासात कुणालाच पेलत नाही. त्यातली मुलांची एक चूक निवडा, आणि ती स्वतःच्या अंदाजानं न निवडता मुलांच्या वह्यांतून निवडा.

परिषदेच्या दहा दिवस आधी केंद्रातल्या चार शाळांना निरोप द्या. त्यातली एक यजमान शाळा असू द्या. प्रत्येकी पाच वह्यांच्या पानांचे फोटो मागवा, म्हणजे वीस पानं होतात. फोटो अख्ख्या पानाचा हवा, नुसत्या उत्तराचा चालत नाही, कारण मुलानं कडेला मारलेल्या काट्या, खोडलेले आकडे आणि वर लिहिलेला हातचा यांतच सगळं असतं. उजेडात, पानावर स्वतःची सावली न पडू देता काढा म्हणून सांगा. मुलाच्या नावावर आणि शाळेच्या शिक्क्यावर कागदाची पट्टी ठेवूनच फोटो काढायला सांगा. हे विसरलं तर सत्रात पहिलाच प्रश्न येतो, "ही कुठल्या शाळेची वही?" आणि पुढची दहा मिनिटं एक शिक्षक मान खाली घालून बसतो. तो त्यानंतर पुन्हा कधीच वही देणार नाही.

पानं आली की चुकांचे गठ्ठे करा. ५०३ वजा २४८ हे एकच उदाहरण बघा. बरोबर उत्तर २५५. वह्यांत साधारण अशी तीन उत्तरं सापडतात:

३४५. या मुलानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं आहे. आठातून तीन गेले पाच, चारातून शून्य गेले चार, पाचातून दोन गेले तीन. वर कोण आणि खाली कोण, हे त्यानं पाहिलेलंच नाही.

२४५. या मुलानं हातचा घेतला, पण मधल्या शून्याला ओलांडून थेट पाचाकडून एककाला दिला. तेरातून आठ गेले पाच. मधे शून्यातून चार जाईनात, तेव्हा चार तसेच खाली आणले. पाचाचे चार झाले होते, त्यातून दोन गेले.

३५५. या मुलाला शून्याचा नऊ होतो हे पाठ आहे. तेरातून आठ, नवातून चार, इथपर्यंत सगळं बरोबर. पण पाचाचे चार करायचे राहून गेले, म्हणजे नऊ आला कुठून हे त्याला माहीत नाही.

तिन्ही उत्तरांवर लाल पेननं एकसारखीच फुली पडते. पण पहिल्या मुलाला वजाबाकी म्हणजे काय इथपासून सुरुवात हवी, दुसऱ्याला शंभराचे दहा दशक होतात हे हातानं करून बघायला हवं, आणि तिसरा तर अगदी उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. तिघांनाही "दहा गणितं पुन्हा सोडव" म्हटलं तर तिघेही तीच चूक दहा वेळा गिरवून पक्की करतात. हे एवढं जरी शिक्षकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तरी सत्र सार्थकी लागलं. म्हणून सुरुवातीला उत्तर सांगू नका. तीन पानं झेरॉक्स करून प्रत्येक गटाला द्या आणि विचारा: याच मुलाला ६०२ वजा ३५७ दिलं तर तो काय उत्तर काढेल? पहिल्याचं ३५५ येईल, दुसऱ्याचं २५५ आणि तिसऱ्याचं ३४५. बरोबर उत्तर २४५. मुलाची चूक आधीच ओळखायची म्हटलं की अनुभवी गुरुजीही चष्मा सावरून पुढे सरकतात.

वेळेची आखणी

नव्वद मिनिटं मिळाली तर अशी वाटा: वह्या बघून चूक ओळखणं १० मिनिटं, गटात साहित्य हाताळणं २०, मुलांबरोबर प्रत्यक्ष पाठ २५, पाठावर चर्चा १५, पुढच्या आठवड्याचं नियोजन १५, आणि ५ मिनिटं हातची.

पण नव्वद मिनिटं मिळतातच असं नाही. प्रास्ताविक, स्वागत, सत्कार आणि कार्यालयीन सूचना यांत पाऊण तास जातो, आणि मग "सर, जरा आटोपतं घ्या" अशी चिठ्ठी येते. केंद्रप्रमुखांशी आधीच बोलून सत्कार आणि सूचना सत्रानंतर ठेवून घ्या. नम्रपणे सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. तरीही पन्नासच मिनिटं उरली तर गटातलं साहित्य सोडून द्या. वह्या १०, पाठ २०, चर्चा १०, नियोजन १०. प्रत्यक्ष पाठ मात्र कधीही कापू नका. नवखा माणूस नेमका तोच कापतो आणि सगळं बोलून सांगायला जातो.

साहित्य: किती आणि कशाचं

३२ शिक्षक धरा, चार-चारांचे आठ गट. ५२ वजा २७ साठी एका गटाला ५२ काड्या लागतात, आठ गटांना ४१६. खराट्याच्या हिरांचे बोटाएवढे तुकडे उत्तम. मोडतोड धरून ४५० करून ठेवा. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या अशी प्रत्येक गटाची पिशवी आधीच बांधा. रबर ४० लागतात, पण ६० घ्या, कारण जुने रबर बांधताना तुटतात. शिक्षकांना सत्रात गठ्ठे बांधायला लावलं तर पंधरा मिनिटं त्यातच जातात. वर्गात मात्र गठ्ठे मुलांनीच बांधायचे, कारण दहा मोजून रबर लावणं हाच त्यांच्यासाठी दशकाचा धडा आहे. हे सत्रात स्पष्ट सांगा, नाहीतर शिक्षक तयार गठ्ठेच वर्गात नेतील.

५०३ साठी काड्या पुरत नाहीत आणि पुरल्या तरी गोंधळ होतो. तिथं कागदी नोटा घ्या. एका गटाला शंभराच्या ५, दहाच्या १० आणि एकच्या १३, एकूण २८ तुकडे. आठ गटांना २२४. ए-फोर कार्डशीटचे सोळा तुकडे केले तर शंभरासाठी ३, दहासाठी ५ आणि एकसाठी ७ शीट लागतात. तिन्हींचे रंग वेगळे ठेवा. सुरुवातीला गटाकडे शंभराच्या पाच आणि एकच्या तीन नोटाच असतात. बाकीच्या एका वाटीत, ती बँक.

आता २४८ रुपये द्यायचे. सुट्यांसाठी शंभराची एक नोट बँकेत जाते आणि दहाच्या दहा येतात. त्यातली एक पुन्हा बँकेत जाते आणि एकच्या दहा येतात. समोर उरतात शंभराच्या चार, दहाच्या नऊ, एकच्या तेरा. शून्याचा नऊ कसा झाला हे टेबलावर पडलेलं दिसतं. डी.एड.पासून "शेजाऱ्याकडून उसने घे" असं सांगत आलेल्या कितीतरी शिक्षकांनाही ही गोष्ट इतक्या उघडपणे पहिल्यांदाच दिसते. इथं घाई न करता त्यांना दोन मिनिटं आपसात बोलू द्या.

मुलांबरोबर प्रत्यक्ष पाठ

सत्राचा हा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात अवघड भाग. यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांना दोन दिवस आधी सांगून आठ-दहा मुलं थांबवून घ्या. पालकांना निरोप गेला पाहिजे आणि मुलांचं जेवण झालेलं पाहिजे. उपाशी मुलांवर पाठ होत नाही. "हुशार" मुलं निवडू नका म्हणून आवर्जून सांगा. आपल्या शाळेची लाज राहावी म्हणून मुख्याध्यापक नेमकी तीच पुढे करतात, मग सगळी उत्तरं बरोबर येतात आणि पाहणाऱ्यांना काहीच मिळत नाही. वह्यांत ज्यांची चूक दिसली तीच मुलं हवीत, आणि यजमान शाळेची पानं तुम्ही मागवलेलीच आहेत.

मुलं मधोमध सतरंजीवर, शिक्षक भिंतीकडेनं. पाठ चालू असताना भिंतीकडून एकही शब्द यायचा नाही, "अरे, सोड ना रबर!" हेसुद्धा नाही. मोबाइल खिशात. मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

एका मुलीसमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. "मला सत्तावीस दे." ती दोन गठ्ठे उचलून देते. मग सात द्यायला जाते, तर हातात दोनच. ती थांबते, तुमच्याकडे बघते. इथं तुमचीच परीक्षा असते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. तोंडानं काही सांगू नका, डोळ्यांनीही गठ्ठ्याकडे खुणावू नका. बहुतेक मुलं दहाच्या आत गठ्ठ्याला हात घालतात. नाहीच घातला तर एवढंच विचारा, "तुझ्याकडे अजून काड्या आहेत का?" रबर निघतो, दोनाच्या बारा होतात, सात दिल्या की पाच उरतात आणि शेजारी दोन गठ्ठे. पंचवीस.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्या हातानं आधी दशक दिले आणि मग एकक. वहीत मात्र आपण एककापासून सुरुवात करायला लावतो. मुलं गोंधळतात ती बऱ्याचदा इथंच, आणि "उजवीकडून सुरू कर" हा नियम त्यांना वरून आलेला वाटतो. म्हणून काड्यांशेजारीच वही उघडी ठेवा. हातानं एक गोष्ट केली की लगेच वहीत तिची एक खूण. गठ्ठा सोडला की पाचावर काट आणि वर चार. सुट्या बारा झाल्या की दोनाच्या डोक्यावर बारा. आधी सगळ्या काड्या खेळून, मग आवरून ठेवून, मग "आता वहीत सोडवा" असं केलं तर मुलाच्या लेखी त्या दोन निराळ्या गोष्टी होतात: एक खेळ आणि एक गणित. साहित्य वापरूनही मुलांना गणित येत नाही अशी तक्रार असते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पाठानंतरची चर्चा

चर्चेला एकच नियम ठेवा: प्रत्येक वाक्य मुलापासून सुरू करायचं. "त्या मुलीनं आधी दशक दिले", "कोपऱ्यातल्या मुलानं शेजाऱ्याचं बघून रबर काढला". "सरांनी असं करायला हवं होतं" हे वाक्य पहिली दहा मिनिटं बंद. नियम मोडला की हसतमुखानं आठवण करून द्या, पण द्याच. कौतुकही बंद ठेवा. "सर, छान पाठ झाला" या वाक्यानं चर्चा जेवढ्या लवकर मरते तेवढी टीकेनंही मरत नाही.

पाठ फसला तर? फसू द्या. मूल गप्प बसलं, उत्तर आलं नाही, वेळ संपली. अशा पाठावरची चर्चा जास्त खरी होते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाचा वर्ग रोज थोडाफार असाच चालतो.

भाषेचा प्रश्न बाजूला ठेवू नका

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांत पहिलीत येणारं मूल घरी कोकणा, वारली किंवा भिलांची बोली बोलत असतं. "उरले किती" हे त्याला गणित येत नाही म्हणून अडतं, की "उरले" हा शब्द घरचा नाही म्हणून अडतं, हे तपासल्याशिवाय कळत नाही. सोपा उपाय असा: परिषदेआधी प्रत्येक शिक्षकानं गावातल्या एखाद्या आजीला किंवा अंगणवाडीतल्या ताईंना विचारून पंधरा शब्द लिहून आणायचे. देणं, उरणं, कमी, जास्त, जोडी, मोजणं असे गणितात लागणारेच शब्द. एकाच केंद्रातल्या दोन पाड्यांत शब्द वेगळे निघाले तर दोन्ही लिहा. ही यादी भिंतीवर लावा आणि पाठात ते शब्द वापरा. मालेगावच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतही हेच करता येतं. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीला मजुरांची मुलं येतात, तिथं शाळेत दोन-तीन महिनेच असणाऱ्या मुलांसाठी अशी यादी फारच उपयोगी पडते.

सहावी ते आठवीच्या शिक्षकांना काय द्यायचं

केंद्रात उच्च प्राथमिकचे शिक्षक असतात आणि पहिली-दुसरीच्या काड्या बघून कंटाळतात. त्यांच्यासाठी बाजार समितीतली कांद्याची हिशेबपट्टी आणा. लासलगाव-येवला भागात ती घरोघरी असते. नाव झाकून झेरॉक्स करा. १८ क्विंटल ४० किलो, भाव क्विंटलला १,२५० रुपये, रक्कम २३,००० रुपये. १८ क्विंटल ४० किलो म्हणजे १८.४ की १८.०४, इथं अर्धा वर्ग घसरतो. १८.०४ धरलं तर रक्कम २२,५५० येते, म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या एका शून्यानं घरातले साडेचारशे रुपये जातात. मग पट्टीवर हमाली, तोलाई लावलेली असेल तर ती वजा करून हातात किती आले ते काढायचं. मुलाच्या बापानं रात्री कंदिलाखाली किंवा बल्बखाली बसून केलेला हा हिशेब आहे, त्यामुळे मूल मन लावून करतं.

प्रेरणेविषयी

"एखादं प्रेरणादायी व्याख्यानही ठेवा" अशी सूचना हमखास येते. व्याख्यानाला विरोध करू नका, पण शिक्षकाला उभारी कशानं येते ते नीट ओळखा. पाऊस, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं आणि दोन वर्ग एकत्र सांभाळणं यांत थकलेल्या माणसाला "शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार" हे ऐकून फारसं बळ येत नाही. त्याच्याच केंद्रातल्या, त्याच्यासारख्याच दोनशिक्षकी शाळेतल्या मॅडमनी एकाच मुलाची जूनमधली आणि नोव्हेंबरमधली वही शेजारी-शेजारी ठेवली की मात्र तो पुढे वाकून बघतो. म्हणून प्रत्येक परिषदेत सात मिनिटं राखून ठेवा: एक शिक्षक, एक मूल, दोन पानं. काय केलं, काय जमलं नाही, कुठं अडलं. टाळ्यांपेक्षा प्रश्न जास्त येऊ द्या. दर महिन्याला वेगळा शिक्षक, आणि शक्यतो नेहमी मागच्या बाकावर बसणारा.

वर्षातून एकदा परिषद शाळेबाहेर काढता आली तर काढा. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचं, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी लवकर पोचलात तर स्थलांतरित पक्षी भरपूर दिसतात. पक्षी पाहायच्या आधी प्रत्येकाला एकच काम द्या: परिसर अभ्यासाचे असे पाच प्रश्न लिहायचे की ज्यांची उत्तरं इथं उभं राहूनच मिळतील. काम दिलं नाही तर ती सहल होते आणि चहा-भज्यांवर संपते.

पाऊस, वीज, नेटवर्क

जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागात फरशी पुलावर पाणी आलं की अर्धे लोक पोचत नाहीत. सत्र प्रोजेक्टरवर अवलंबून ठेवू नका. तीन वह्यांची पानं मोठ्या चार्टवर स्केचपेननं उतरवून ठेवा, शेवटच्या रांगेतून दिसतील इतकी मोठी. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर आदल्या रात्री डाउनलोड करा आणि विमान मोड लावून एकदा चालवून बघा.

दोनशिक्षकी शाळेतून एकच शिक्षक येतो, दुसरा शाळा सांभाळतो. त्या न आलेल्या शिक्षकासाठी एक पान तयार ठेवा: तीन चुका, एक कृती, साहित्याची यादी. येणाऱ्यांना हालचाल नोंदवहीत नोंद करून यायला सांगा आणि हजेरीपत्रकावर सही सुरुवातीलाच घ्या, म्हणजे शेवटी एसटीच्या वेळेला गर्दी होत नाही.

चिठ्ठी

निघण्याआधी प्रत्येकानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी लिहायच्या: कुठली इयत्ता, कुठला वार, कुठली एक कृती. "गणित मनोरंजक करीन" अशी चिठ्ठी परत द्या. "बुधवारी, तिसरी, चार मुलांना ५०३ रुपये देऊन २४८ मागणार" अशी हवी. दोन प्रती काढा, एक शिक्षकाकडे, एक तुमच्याकडे. आठवड्याभरानं ग्रुपवर नको, वैयक्तिक फोन करा आणि फक्त मुलानं काय केलं तेवढं विचारा. बत्तीस फोन होत नाहीत. दहा करा, पुढच्या वेळी दुसरे दहा.

चिठ्ठीतली कृती केल्यावर त्या मुलांच्या वह्या पुढच्या परिषदेला आणायला सांगा, आणि त्या परिषदेची पहिली दहा मिनिटं या वह्यांना द्या. पहिल्या वेळी बत्तीसपैकी पाच-सहा जणच वही घेऊन येतील. न आणणाऱ्यांना बोलू नका, त्यांची नावं वाचू नका, नाहीतर पुढच्या वेळी रात्री बसून तयार केलेल्या सुबक, बिनचुकीच्या वह्या येतील. आलेल्या सहा वह्या सहा गटांत वाटा, आणि वही न आणलेल्या प्रत्येकाला त्यातल्या एकेका मुलाचं पुढचं उत्तर ओळखायला सांगा.